एलडॅप नवीन सर्व्हरवर हलवल्यापासून सकाळची लॅब सुरूच होत नाही

लॅब_नंबर_चार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. जिल्ह्याच्या गावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सिस्टिम बघतो. नेमणुकीच्या पत्रात 'प्रयोगशाळा सहायक' लिहिलंय, पण वाय-फाय, मूडल, बायोमेट्रिक आणि प्राचार्यांचा प्रिंटर असं वायर लागणारं जे जे काही आहे ते माझ्याच गळ्यात.

आमची सगळी लॉगिनं एका ओपनएलडॅप सर्व्हरवर चालतात (एलडॅप म्हणजे सगळ्यांची खाती आणि पासवर्ड एका जागी ठेवणारी यादी). जुनं मशीन मूळचं उबुंटू १४.०४ चं, चढवत चढवत १८.०४ पर्यंत आणलेलं. त्यात स्लॅपडी (ओपनएलडॅपचा मुख्य प्रोग्रॅम) २.४ आणि डेटाबेस एचडीबी. १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२३ मध्येच संपला, त्यामुळे ऑडिटवाल्यांनी शेरा मारला. मग दिवाळीच्या सुट्टीत एएमसीवाल्या (वार्षिक देखभालीच्या) एजन्सीचा मुलगा आला, नवीन व्हीएमवर (आभासी मशीनवर) २२.०४ टाकलं, स्लॅपडी २.५ बसवलं, डेटा भरला, सगळ्यांचे पासवर्ड चालतात हे दाखवलं आणि सही घेऊन गेला. त्याच सुट्टीत लॅबच्या पीसींनाही नवीन इमेज (तयार सिस्टिमची प्रत) टाकली. नोंदी साधारण चाळीस हजार आहेत, कारण पास होऊन गेलेल्या पोरांना कुणी काढतच नाही.

कॉलेज उघडलं आणि तमाशा सुरू झाला. सव्वानऊला तीन लॅबमध्ये बॅचेस एकदम बसतात. लॉगिन करायला मिनिट-मिनिट लागतं, काहींना तर परत लॉगिनचं पानच दिसतं. वाय-फायच्या पोर्टलवर 'टाइमआउट'. ते पोर्टल कॉलेजच्या मेल आयडीवर चालतं, मागे फ्रीरेडियस (वाय-फायचं लॉगिन तपासणारा सर्व्हर) आहे. दुपारी जेवणानंतर मी एकटा बसून बघतो तेव्हा अर्ध्या सेकंदात उत्तर येतं. एजन्सीचा मुलगा नेमका दुपारीच रिमोट घेतो आणि सांगतो, "सर, आमच्या साइडने ओके आहे."

टॉप लावून बघितलं. सकाळी स्लॅपडी दोन्ही कोर शंभर टक्के खातो. मेमरी ४ जीबी, त्यातली निम्मी मोकळी. डिस्क निवांत. सर्व्हिस रीस्टार्ट केली की काही मिनिटं बरं चालतं, मग पुन्हा तेच. अजून एक बारीकशी गोष्ट, संबंध असेल-नसेल: ऑफिसमधल्या बाई ज्या पानावरून विद्यार्थ्यांची यादी काढतात तिथे आता पाचशेच्या पुढे नावंच येत नाहीत.

एजन्सीने १६ जीबी रॅम आणि जास्तीच्या कोअर्सचं कोटेशन पाठवलंय. प्राचार्य मला विचारतायत, सही करू का? काय सांगू?

---

रॅमराव

करून टाका सही. ४ जीबीत आजकाल ब्राउझरसुद्धा धड उघडत नाही, तिथे सर्व्हर काय चालणार. सोबत एसएसडीही मागून घ्या, असंही पैसे कॉलेजचे.

---

कट्ट्यावरचा_रूट

डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता शोधणारी सोय) बघा आधी. नवीन व्हीएमवर रिझॉल्व्हर चुकीचा असला की प्रत्येक कनेक्शन अडकून बसतं. आमच्याकडे एकदा अगदी असंच झालं होतं.

---

टर्मिनल_तात्या

प्राचार्यांना म्हणावं दोन दिवस थांबा.

डीएनएसची वाट बघणारा प्रोसेस नुसता बसून राहतो, तो सीपीयू जाळत नाही. तुमचा जाळतोय. रॅमचं म्हणाल तर तुम्हीच लिहिलंय निम्मी मोकळी आहे. चाळीस हजार नोंदी म्हणजे फार तर शंभर-दोनशे एमबीचा मामला, तो अख्खा मेमरीत बसून वर जागा उरते. एचडीबीच्या काळात स्लॅपडीला स्वतःचे कॅश असायचे, डीबी-कॉन्फिग नावाच्या फाइलमध्ये आकडे घालून ते वाढवत बसावं लागायचं. २.५ मधल्या एमडीबी डेटाबेसात ती भानगड नाही. फाइल थेट मेमरीत मॅप होते आणि कॅश करायचं काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. जुन्या मशीनवरची ती डीबी-कॉन्फिग फाइल कुणी नवीन मशीनवर आणून टाकली असेल तर ती आता कुणीही वाचत नाही, नुसती शोभेची आहे.

आता तुमच्या त्या 'बारीकशा गोष्टी'कडे येतो. मला तीच सगळ्यात मोलाची वाटली. स्लॅपडीची मूळची साइझलिमिट ५०० आहे. जुन्या सर्व्हरवर तुमच्या आधीच्या कुणीतरी ती वाढवून ठेवली होती, म्हणून बाईंना पूर्ण यादी दिसायची. आज ती परत ५०० वर आली आहे. याचा अर्थ नवीन सर्व्हरवर डेटा आलाय, सेटिंग्ज आलेल्याच नाहीत.

हे कसं होतं सांगतो. २.५ मध्ये एचडीबी काढूनच टाकलंय, त्यामुळे जुनी फाइल उचलून नवीन जागी ठेवता येत नाही. स्लॅपकॅटने एलडिफ (सगळ्या नोंदींची साधी मजकूर-फाइल) काढायची आणि स्लॅपॲडने भरायची हाच नेहमीचा मार्ग. स्लॅपकॅटला 'एन १' दिलं की तुमचा डेटा मिळतो, 'एन ०' दिलं की कॉन्फिगरेशन. बहुतेक लोक १ काढतात आणि ० विसरतात, कारण १ भरलं की लॉगिन चालायला लागतं आणि काम झाल्यासारखं दिसतं. पण इंडेक्स (सगळ्या नोंदी न चाळता पटकन शोधायची सूची), लिमिट, ॲक्सेसचे नियम, ओव्हरले (स्लॅपडीला जोडायच्या जादा सोयी) हे सगळं ० मध्ये असतं.

पॅकेज नव्याने बसवल्यावर उबुंटू मोजकेच इंडेक्स देतं: ऑब्जेक्टक्लास, सीएन, यूआयडी, यूआयडी-नंबर, जीआयडी-नंबर, मेंबर आणि मेंबर-यूआयडी. सगळे नुसते इक्वॅलिटीचे, म्हणजे तंतोतंत जुळणाऱ्या शोधाचे. या यादीत मेल आहे का बघा. नाही. आणि तुमचं वाय-फाय पोर्टल शोधतं कशावर? मेलवर.

म्हणजे एका पोराने लॉगिन दाबलं की स्लॅपडी चाळीस हजार नोंदी एकेक उलगडून बघतो. दुपारी तुम्ही एकटे असता तेव्हा ते अर्ध्या सेकंदात उरकतं. सकाळी दीडशे पोरं एकदम दाबतात, उत्तर आलं नाही म्हणून परत दाबतात, प्रत्येक वेळी नवीन चाळीस हजार. स्लॅपडीचे थ्रेड (एकाच वेळी काम करणारे हात) मूळचे १६, ते सगळे यातच गुंततात आणि बाकीचे रांगेत. रीस्टार्टने रांग रिकामी होते, म्हणून काही मिनिटं बरं वाटतं. कोअर चारपट केलेत तर हीच फुकटची मेहनत चारपट जोराने होईल, एवढंच.

हा सगळा माझा अंदाज आहे, लॉग बघून खात्री करा. लॉगलेव्हल 'स्टॅट्स' करा. उबुंटूत तो मूळचा 'नन' असतो. उद्या सकाळी सव्वानऊ ते दहाचा लॉग ठेवा. दोन गोष्टी शोधा. एक, 'नॉट इंडेक्स्ड' असं ज्यात येतं त्या ओळी. दोन, प्रत्येक सर्चच्या रिझल्टच्या ओळीतले क्यूटाइम आणि ईटाइम. क्यूटाइम म्हणजे विनंती रांगेत किती वेळ उभी होती, ईटाइम म्हणजे तिला किती वेळ लागला. हे आकडे २.५ पासून मिळतात, २.४ वर असताना आम्ही वेळांची वजाबाकी हातानेच करायचो.

आणि हो, सेटिंग बदलताना कॉन्फिगच्या फोल्डरमधल्या फाइली नॅनोने उघडू नका. त्यांना चेकसम (फाइल हाताने बदलली का ते ओळखणारा आकडा) असतो. रूट म्हणून एलडॅप-आय सॉकेटवरून (त्याच मशीनच्या आतल्या जोडणीवरून) एलडॅपमॉडिफायनेच बदल करा.

---

लॅब_नंबर_चार

तात्या, पायाचा फोटो पाठवा!

आज सकाळचा लॉग. 'एमडीबी इक्वॅलिटी कँडिडेट्स – मेल – नॉट इंडेक्स्ड' या ओळी नुसत्या धो-धो. त्यांच्या जोडीला एम्प्लॉयी-नंबरच्याही आहेत. त्यात आम्ही पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) ठेवतो, लायब्ररीचं सॉफ्टवेअर त्यावर शोधतं. नऊ वाजून वीस मिनिटांची एक ओळ: क्यूटाइम ३.९, ईटाइम ४.६, सापडलेल्या नोंदी १. एका नोंदीसाठी साडेचार सेकंद. त्याच मिनिटात यूआयडीवरच्या सर्चचाही क्यूटाइम तीनच्या पुढे आहे, म्हणजे ज्यांचा मेलशी काही संबंध नाही तेही रांगेत अडकलेत.

एजन्सीच्या मुलाला विचारलं, एन शून्य घेतलं होतं का. तो म्हणाला, "सर, डेटा पूर्ण आलाय, काउंट मॅच आहे." काउंट मॅच आहेच म्हणा.

जुनी व्हीएम अजून आहे, बंद करून ठेवलेली. पुढे काय करू? तिथून एन शून्य काढून सरळ इथे भरू का?

---

टर्मिनल_तात्या

सरळ भरू नका. जुन्या कॉन्फिगमध्ये एचडीबीचं मॉड्यूल, त्याचे कॅशचे आकडे असं बरंच काही असेल जे २.५ ला कळतच नाही. पासवर्ड पॉलिसीचा ओव्हरले वापरत असाल तर अजून एक गोम आहे: त्याची स्कीमा (नोंदीत काय काय ठेवता येतं त्याची व्याख्या) २.५ मध्ये ओव्हरलेच्या आतच आली आहे. जुनी वेगळी स्कीमा पुन्हा भरायला गेलात की तीच नावं दोनदा आली म्हणून तक्रार होते.

जुनी व्हीएम नेटवर्क कार्ड काढून चालू करा, नाहीतर लॅबचे पीसी तिच्याशीच बोलायला लागतील. तिथे एन ० ची एलडिफ काढा, शेजारी नवीनची एन ० ठेवा आणि एकेक ओळ डोळ्याने ताडून बघा. तासाभराचं काम आहे, चहा घेऊन बसा.

इंडेक्सपुरतं आत्ता करायचं ते असं. मेल आणि एम्प्लॉयी-नंबर, दोन्हींना इक्वॅलिटी. ऑफिसच्या पानावर नावाचा तुकडा टाकून शोधत असतील तर सीएन (पूर्ण नाव) आणि एसएनला (आडनावाला) सबस्ट्रिंगही, म्हणजे तुकड्याचा इंडेक्सही द्या. पण बाईंना सांगून ठेवा, नावाच्या मधलीच दोन-तीन अक्षरं टाकली तर इंडेक्सचा उपयोग होणार नाही. मधल्या तुकड्यासाठी इंडेक्सची किल्ली मुळात ४ अक्षरांची असते. दिसेल त्या ॲट्रिब्यूटला (नोंदीतल्या रकान्याला) मात्र इंडेक्स लावत सुटू नका. प्रत्येक इंडेक्स लिहिताना सांभाळावा लागतो, आणि जूनमध्ये तुम्ही नवीन प्रवेशांची फाइल एकदम भरता तेव्हा तो खर्च जाणवतो. लॉगमध्ये ज्याचं नाव आलं त्यालाच इंडेक्स, हा माझा नियम.

एलडॅपमॉडिफायने इंडेक्स जोडलात की स्लॅपडी तो मागच्या मागे बांधायला घेतो, सर्व्हर चालूच राहतो. मात्र बांधून होईपर्यंत रीस्टार्ट करू नका. अर्धवट राहिला तर स्लॅपडी थांबवून स्लॅपइंडेक्स हाताने चालवावा लागू शकतो. तो 'ओपनएलडॅप' या युजरने चालवा. रूटने चालवलात तर फाइली रूटच्या मालकीच्या होऊ शकतात आणि मग स्लॅपडी उठतच नाही. अर्धवट इंडेक्सचा त्रास वेगळाच असतो: शोध हळू होत नाही, रिकामा येतो. माणूस आहे, पासवर्ड बरोबर आहे, आणि सर्व्हर म्हणतो असा कुणी नाहीच. ते शोधून काढणं फार डोकं खातं, त्यापेक्षा हळू परवडलं.

काम रात्री करा.

---

रॅमराव

माझा सल्ला मागे घेतो. एसएसडीचा मात्र नाही.

---

लॅब_नंबर_चार

काल रात्री केलं. चाळीस हजारांना इंडेक्स बांधायला किती वेळ लागेल म्हणून धास्ती होती, पण मी पाणी पिऊन येईपर्यंत झालंसुद्धा. आज सकाळी मेलच्या सर्चचा ईटाइम शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य काहीतरी. सीपीयू दहा टक्क्यांच्या वर गेला नाही. वाय-फायची तक्रार एकही नाही. हॉस्टेलच्या पोरांनी तर स्वतःहून येऊन सांगितलं, आणि हॉस्टेलची पोरं सहसा चांगलं सांगायला येत नाहीत.

पण लॅबचं लॉगिन अजून वीस-पंचवीस सेकंद घेतंय. मिनिटाच्या मानाने बरं, तरी सुट्टीआधी तीन-चार सेकंदांत व्हायचं. लॉगमध्ये 'नॉट इंडेक्स्ड' आता एकही नाही, क्यूटाइम शून्याला टेकलेला. सर्व्हर मोकळा आणि पीसी अडकलेला, असं चित्र आहे. एकदा एका पीसीवर लॉगिन झालं की तोच विद्यार्थी लगेच परत बसला तर पटकन होतं.

---

पेनड्राइव्हवाली

इथे मी बोलू का? मी एका आयटी कंपनीत डेस्कटॉपची इमेज बनवते, हे दुखणं रोजच्या ओळखीचं आहे.

तुम्ही म्हणालात पीसींना नवीन इमेज टाकली. जुन्या इमेजवर एनएसएलसीडी होतं आणि नवीनवर एसएसएसडी (दोन्ही पीसीचं लॉगिन एलडॅपशी जोडणारे प्रोग्रॅम), बरोबर? आणि सगळे विद्यार्थी एकाच मोठ्या ग्रुपमध्ये आहेत का? 'स्टुडंट्स' वगैरे, ज्यात मेंबर-यूआयडीच्या हजारो ओळी आहेत?

तसं असेल तर लॉगिनच्या वेळी एसएसएसडी हा विद्यार्थी कुठल्या ग्रुपमध्ये आहे ते विचारतो, इथवर ठीक. पण मग त्या ग्रुपचे सगळे सदस्यही मागवतो आणि आपल्या लोकल कॅशमध्ये लिहीत बसतो. चाळीस हजार नावं एका लॅबच्या पीसीच्या जुन्या हार्डडिस्कवर. दुसऱ्यांदा पटकन होतं कारण तेव्हा कॅश भरलेला असतो. सर्व्हरच्या बाजूने बघितलं तर एकच सर्च, एकच नोंद, झटक्यात उत्तर. म्हणून तुमच्या लॉगमध्ये काहीच वावगं दिसत नाही.

एसएसएसडीच्या कॉन्फिगमध्ये डोमेनच्या भागात 'इग्नोर ग्रुप मेंबर्स' ट्रू करा. मग तो सदस्यांची यादी मागवतच नाही. विद्यार्थ्याला स्वतःचे ग्रुप नीट मिळतात, फाइलींच्या परवानग्या जशाच्या तशा चालतात. फक्त गेटएंट ग्रुप (ग्रुपचे सदस्य दाखवणारी कमांड) केलंत तर ग्रुप रिकामा दिसेल, त्याने घाबरू नका. एखादी स्क्रिप्ट ती यादी वाचून काही करत असेल तर मात्र आधी तपासा. 'एन्युमरेट' (सगळे युजर आणि ग्रुप आधीच उतरवून ठेवणं) ट्रू असेल तर तेही फॉल्स करा. इंटरनेटवरून उचललेल्या कॉन्फिगमध्ये ते हमखास ट्रू सापडतं.

आधी एका पीसीवर करा, कॅश पुसा, सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि नवीन विद्यार्थ्याने लॉगिन करून बघा. मग इमेजमध्ये घाला.

---

लॅब_नंबर_चार

ताई, एका पीसीवर केलं, तीन सेकंद. मग अख्ख्या लॅबला ढकललं, तीच गत. दोन्हीही होतं: एन्युमरेटही ट्रू होतं आणि ग्रुपमध्ये गेल्या १२ वर्षांतली सगळी पोरं होती. स्क्रिप्ट एकच सापडली, प्रिंट कोट्याची. ती थेट एलडॅपला विचारते, त्यामुळे सुटलो.

कोटेशन परत पाठवलं. प्राचार्य म्हणाले, मग ऑडिटला काय दाखवायचं? म्हटलं, लॉग दाखवू.

---

टर्मिनल_तात्या

छान. ताईंचं निदान मला सुचलं नसतं, मी पीसीच्या बाजूला फारसा जात नाही.

आता वेग सोडा. मी दोन एन-शून्य ताडून बघायला सांगितलं होतं ते तुम्ही केलंत का? तुमच्या उत्तरात त्याबद्दल काही दिसलं नाही, म्हणून विचारतो. ॲक्सेसच्या ओळी बघितल्यात? नवीन पॅकेजचे मूळचे नियम तीनच असतात. पासवर्ड दुसऱ्या कुणाला दिसत नाही, शॅडोची (पासवर्ड शेवटचा बदलल्याची) तारीख ज्याची त्याला बदलता येते, आणि बाकी सगळं सगळ्यांना वाचता येतं. सगळ्यांना म्हणजे लॉगिन न केलेल्यालासुद्धा. तुमच्याकडे विद्यार्थ्यांचे मोबाइल नंबर त्याच नोंदीत असतील तर आत्ताच्या आत्ता एका लॅबच्या पीसीवरून बिननावाचा, बिनपासवर्डचा एलडॅपसर्च करून बघा.

---

लॅब_नंबर_चार

केला. मोबाइल, पालकांचा मोबाइल, घरचा पत्ता. सगळं बाहेर आलं. एका वेळी पाचशे, ती लिमिट तेवढी कामाला आली म्हणायची.

फायरवॉलवर बाहेरून ३८९ आणि ६३६ बंद आहेत, त्यामुळे कॉलेजच्या आतल्यांनाच दिसलं असतं. पण आत साडेतीन हजार पोरं आहेत आणि त्यातली निम्मी कॉम्प्युटरची. सुट्टीपासून आजपर्यंत हे उघडंच होतं.

जुन्या सर्व्हरवरून सहा नियम मिळाले. फोन आणि पत्ता फक्त ऑफिसच्या खात्याला आणि ज्याचं त्याला, बाकीचं लॉगिन केलेल्यांना, बिननावाच्याला काही नाही. जसेच्या तसे घालू ना?

---

टर्मिनल_तात्या

घाला, पण क्रम तोच ठेवा. स्लॅपडी वरून खाली वाचतो आणि जो नियम आधी लागू पडतो तिथेच थांबतो. 'सगळ्यांना वाचता येईल' हा मूळचा नियम वर राहिला तर खालचे सहाही वाया. आधी तो काढा. बिननावाच्याला फक्त पासवर्ड तपासण्यापुरती 'ऑथ'ची परवानगी राहू द्या, नाहीतर कुणाचंच लॉगिन होणार नाही. फ्रीरेडियस, मूडल, लायब्ररी आणि एसएसएसडी हे कुठल्या खात्याने बाइंड (एलडॅपमध्ये लॉगिन) करतात तेही आधी बघा. यातलं एखादं सुट्टीपासून बिननावाने वाचत असेल तर नियम घातल्या क्षणी ते बंद पडेल आणि सगळे तुमच्याच नावाने ओरडतील.

प्राचार्यांना हे तोंडी नको, लेखी कळवा. तारखेसकट.

---

लॅब_नंबर_चार

मूडल निघालं बिननावाचं. त्याला वेगळं खातं करून दिलं, मग नियम घातले. आता बिननावाने एलडॅपसर्च केला तर शून्य नोंदी. लेखी पत्र दिलं, एजन्सीलाही प्रत पाठवली. तिकडून उत्तर आलं: 'नोटेड.'

शेवटचा प्रश्न. बॅकअपच्या क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामात) जुन्या पद्धतीने स्लॅपडी थांबवून फोल्डर कॉपी होतं. ते तसंच ठेवू?

---

टर्मिनल_तात्या

काढा ते. एमडीबीवर स्लॅपकॅट चालू सर्व्हरवरही बिनधास्त चालतं, थांबवायची गरज नाही. क्रॉनमध्ये दोन ओळी टाका, एक एन ० ची आणि एक एन १ ची, आणि दोन्ही फाइली दुसऱ्या मशीनवर जाऊ द्या. पासवर्डचे हॅश त्यात असतात, म्हणून परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा. स्लॅपॲड मात्र चालू सर्व्हरवर कधीच नको.